बाईसाहेबांची तहान

१

आमच्या हॉलमधल्या पीस लिलीला घरात सगळे बाईसाहेब म्हणायचे. नाव मावशीनं ठेवलेलं. ऊन लागलं की यांचा रुसवा, वारा लागला की रुसवा, आणि पाणी द्यायला एक दिवस उशीर झाला तर सगळी पानं कुंडीच्या काठावरून खाली सोडून, आता आम्ही काही जगत नाही, असा देखावा. तांब्याभर पाणी मिळालं की अर्ध्या तासात पुन्हा ताठ. "नाटकी आहे मेली," मावशी म्हणायची, पण कौतुकानं.

कुंडी खिडकीपाशी स्टुलावर असते. थेट ऊन नको, पण उजेड हवा, म्हणून ती जागा. पानं हातभर लांब, काळपट हिरवी. त्यांच्या मधून पांढरी फुलं वर येतात. खरं तर ते फूल नसतं, एक पांढरं पानच असतं, ओंजळीसारखं वळलेलं. बुधवारी आणि रविवारी पाणी. तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, कारण नळाच्या ताज्या पाण्यानं पानांची टोकं करपतात. महिन्यातून दोनदा पानं पुसायची. डावा तळहात पानाखाली धरायचा, उजव्या हातात ओलं फडकं, देठाकडून टोकाकडे. हे सगळं मावशीनं शिकवलेलं, आणि ती गेल्यावरही मी चालू ठेवलं होतं.

एका सोमवारी दुपारी मी जेवायला घरी आले तर बाईसाहेबांनी मान टाकलेली.

मी बोट मातीत खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं. खालची थाळीही कोरडी. कालच तर मी तांब्या रिकामा केला होता. की केला नव्हता? मावशीला जाऊन दीड महिना झाला होता. तेवढ्यात मी दोनदा गॅस चालू ठेवून कामावर गेले होते, आणि एकदा घराची किल्ली फ्रिजमध्ये सापडली होती. विसरले असेन. पाणी घातलं, जेवले, भांडी घासली. हॉलमध्ये परत आले तेव्हा पानं ताठ उभी होती.

मंगळवारी दुपारी पुन्हा तेच. या वेळी मात्र आदल्या दिवशी पाणी घातल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. तांब्या अजून खिडकीत पालथा होता.

२

मी कानाच्या मशीनच्या दुकानात काम करते. मशीन विकणं हा नंतरचा भाग. आधी कान तपासायचे. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. सोळा वर्षं हेच करते आहे. सकाळी नऊ ते दीड, मग चार ते साडेसात. दुकान घरापासून चालत आठ मिनिटांवर.

माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मावशीनं मला स्वतःकडे आणलं. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, तेव्हा पंधराचा. "मला मुलगी हवीच होती, आयती मिळाली," असं ती भेटेल त्याला सांगायची. पुढे दादा नोकरीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, लग्न झालं, तिथलाच झाला. मी राहिले. राहा असं मला कुणी म्हटलं नाही, आणि मीही कधी निघाले नाही.

चार वर्षांपूर्वी मावशीला झटका आला. डावं अंग गेलं. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली. बोलणं असं झालं की ओल्या कापडातून कुणी बोलतंय. आणि गिळणं अवघड झालं. अशा माणसाला सगळ्यात धोका साध्या पाण्याचा. पातळ पाणी घशात चुकीच्या वाटेनं जातं. म्हणून डॉक्टरांनी एक पावडर दिली होती. ती कालवली की पाणी खळीसारखं घट्ट व्हायचं. ते चमच्यानं भरवायचं. मावशी गिळायची ते दोन टप्प्यांत. आधी एक लहानसं गट्, मग इतकी शांतता की मी श्वास धरून बसायचे, मग दुसरं, खोल, आणि शेवटी एक छोटासा खोकला.

तिला ती खळ आवडत नसे. तिला पाणी हवं असायचं. चार वर्षांत तिचा एकच शब्द स्वच्छ राहिला होता, तो म्हणजे पाणी. सकाळी डोळे उघडल्यापासून ते मिटेपर्यंत.

दिवसा तिला सांभाळायला एक बाई यायच्या, नऊ ते दोन. दोन ते चार मी घरी असायचे. चारनंतर मावशी बहुधा झोपलेली असायची, आणि शेजाऱ्यांकडे किल्ली होती.

ती गेली एका मंगळवारी, बाई निघून गेल्यावर आणि मी संध्याकाळी येण्याआधी. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, मी दुपारी घरी येऊ शकले नाही, तिथंच काहीतरी खाल्लं, आणि साडेसातला येऊन पाहते तर हे असं. दादाला मी हेच सांगितलं. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, भेटायला आलेल्या सगळ्यांना हेच. ते म्हणायचे, पोटची मुलगी करणार नाही इतकं केलंस. मी खाली बघायचे. लोकांना तो विनय वाटायचा.

३

आठवडाभरात मी रोज पाणी घालायला लागले. मग सकाळ-दुपार. कुंडीखाली प्लास्टिकचा कागद पसरून पाहिला, कागद कोरडा. कुंडीला चीर गेली असेल म्हणून टॉर्च घेऊन चारी बाजूंनी पाहिलं. चीर नव्हती.

शेवटी कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्या बाईंना घरी बोलावलं. जाडजूड बाई, हातांच्या रेघांत कायमची माती. आल्या आल्या हसल्या. "ताई, घरातली झाडं उपासानं मरत नाहीत हो. लाडानं मरतात. पाणी पाजून पाजून मारतात लोक. बघू तुमच्या बाईसाहेब."

त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, कुंडी आडवी केली, आणि झाड मुळांसकट अलगद बाहेर काढलं. मुळं पांढरीशुभ्र, जाड. कुजल्याचा वास नाही, कीड नाही. माती मात्र राखेसारखी भुरभुर खाली पडली.

"शेवटचं पाणी कधी घातलं?"

"तुम्ही यायच्या आधी. तासभर झाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाईक थापा मारतं तेव्हा मीही असंच पाहते. मग त्यांनी झाड परत कुंडीत बसवलं, नवीन माती भरली, आणि म्हणाल्या, "माझ्यासमोर घाला."

मी तांब्याभर पाणी घातलं. मातीनं ते घेतलं. आम्ही दोघी थाळीकडे बघत बसलो. थेंब आला नाही. "आणखी," त्या म्हणाल्या. मी आणखी एक तांब्या ओतला. मग त्यांनी दोन्ही हातांनी कुंडी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"जड नाही झाली," त्या म्हणाल्या.

हसणं केव्हाच थांबलं होतं. त्यांनी पदराला हात पुसले, वर्तमानपत्र गोळा केलं, आणि दाराकडे जात म्हणाल्या, "हवा कोरडी असेल तुमच्या हॉलमध्ये. पंखा कमी लावा."

पंखा आम्ही तिथं कधी लावतच नाही.

४

आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो स्वयंपाकघरात. दुपारचे पावणेतीन वाजले होते. खिडकीतून लख्ख उजेड येत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं. मी नुकतंच झाडाला पाणी घालून आले होते आणि ताट वाढून घेत होते.

गट्.

मग शांतता. माझा हात ताटावर तसाच राहिला. मी श्वास धरला आहे हे मला नंतर कळलं. चार वर्षांची सवय, छाती आपोआप थांबली.

मग दुसरं, खोल. आणि छोटासा खोकला.

मी हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले. खिडकी, स्टूल, कुंडी. एक पांढरं फूल माझ्याकडे पाठ करून होतं. आतली खोली, मावशीची, बंद होती. ती मी धुऊन पुसून बंद केली होती आणि परत उघडली नव्हती. मी स्वतःशी म्हटलं, पाइप असेल. वरच्या मजल्यावर कुणीतरी बेसिन सोडलं असेल. पाण्याच्या नळ्या असे आवाज करतात, जुन्या इमारतीत तर करतातच. माती कोरडी असेल तर पाणी मुरतानाही बुडबुडे फुटतात. ही सगळी कारणं चांगली होती. फक्त पाइपांना खोकला येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी मालकांना म्हटलं, "सर, माझे कान तपासता का?"

"तुला काय झालं?"

"उगीच. सगळ्यांचे बघते, स्वतःचे कधी बघितले नाहीत."

मी काचेच्या खोलीत बसले. दार बंद झालं की तिथं इतकी शांतता होते की माणसाला स्वतःचं रक्त ऐकू येतं. मी माझं गिळणं ऐकलं. एकच टप्पा, सरळ. सरांनी आवाज सोडले, मी बटण दाबत गेले. बाहेर आले तर त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

"विशीतल्या पोरीचे कान आहेत. बिघाड काही नाही. झोप काढ जरा."

कागद घडी करून मी पर्समध्ये ठेवला. कान खराब निघाले असते तर मी पेढेच वाटले असते.

५

त्या मंगळवारी मी घरी आले होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी आले. सांभाळणाऱ्या बाई जिन्यात भेटल्या, "आज फार त्रास दिला हो," म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुढे त्यांनी याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. मीच त्यांना विनवलं होतं की मी त्या दुपारी आले होते हे कुणाला सांगू नका, लोक नाही नाही ते विचारतील. त्यांनी मूग गिळले. त्यांना मुलीकडे गावी जायचं होतं, त्या गेल्या.

मी चप्पल काढली आणि आतून हाक आली. "पाणी."

पानं पुसायचा दिवस होता. मी फडकं ओलं केलं, स्टुलासमोर खाली बसले आणि पहिलं पान तळहातावर घेतलं.

मला राग आला नव्हता. लोकांना वाटतं अशा वेळी राग असतो. मला फक्त असं वाटत होतं की एवढं झाड पुसून होईपर्यंत मला कुणी बोलावू नये. चार वर्षांत एवढंच एक काम होतं जे मी संपवू शकत होते. तिनं हाक मारली, मी दुसरं पान घेतलं. तिनं हाक मारली, मी तिसरं घेतलं. सदतीस पानं होती. मधे कधीतरी स्टील पडल्याचा आवाज आला. पलंगाशेजारी बाईंनी स्वतःसाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या, तो असणार. मग खोकला, नेहमीपेक्षा जास्त. मग घशातला एक आवाज, ओला. आणि मग शांत झालं.

मला बरं वाटलं. हे लिहायला हात धजत नाही, पण मला बरं वाटलं. मी शेवटची पानं निवांत पुसली. बाईसाहेबांना तांब्याभर पाणी घातलं. तीन वाजत आले होते. झोपली असेल, म्हटलं. दार उघडलं तर जागी होईल, म्हटलं. मी तिच्या खोलीत डोकावलेसुद्धा नाही. चप्पल घालून वेळेआधीच दुकानात गेले आणि तिथं एका आजोबांचे कान तपासले.

साडेसातला दार उघडलं. ती पलंगाच्या कडेला अर्धी खाली आलेली होती, उजवा हात जमिनीकडे. तांब्या आडवा. फरशीवर पाणी, ओठ ओले, गाऊनचा गळा ओला.

मी आधी फरशी पुसली. तिचा गाऊन बदलला. तांब्या घासून फळीवर ठेवला. तिला नीट झोपवलं. मग दादाला फोन केला.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं.

६

दादा एका रविवारी आला. मावशीच्या खोलीतलं कपाट रिकामं करायचं होतं. दार त्यानंच उघडलं. कपड्यांच्या घड्या करताना तो एकदोनदा थांबला, मी चहा ठेवते म्हणून स्वयंपाकघरात गेले. पावडरचा अर्धा डबा त्याला मिळाला, तोही त्यानं पिशवीत टाकला. "कुणाला तरी उपयोगी पडेल," म्हणाला.

चहा पिताना तो हॉलमध्ये झाडाकडे बघत बसला. मी सकाळपासून तीन वेळा पाणी घातलं होतं, त्यामुळे बाईसाहेब झोकात होत्या. चार पांढरी फुलं.

"आईची हीच एक वस्तू खरी तिची," तो म्हणाला. "बाकी साड्या वगैरे काय. मी नेऊ का गं? तुला चालेल?"

मी नाही म्हणायला हवं होतं. माझं तोंड उघडलंही. पण आत कुठंतरी एकदम हलकं वाटलं. घरातून एखादा अवघड पाहुणा स्वतःहून निघावा तसं.

"ने की," मी म्हटलं. "तुझाच हक्क आहे."

"पाणी कसं घालायचं?"

"रोज घाल. जास्त लागतं तिला."

आम्ही दोघांनी कुंडी खाली टॅक्सीत नेऊन ठेवली. तो पुढच्या सीटवर बसला, मग परत उतरला आणि माझ्याजवळ आला. दादा आयुष्यात कधी फार बोलला नाही. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मी काही केलं नाही गं. पंधरा दिवसांतून एकदा यायचो, तेही पाहुण्यासारखा. तू होतीस म्हणून आई सुखानं गेली. तू तिला कधी तहानलेलं ठेवलं नाहीस."

टॅक्सी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मनाची नाही तर जनाची तरी, असं म्हणतात. माझ्याजवळ तेव्हा दोन्ही नव्हत्या. वर जाऊन मी त्या दिवशी पोटभर जेवले आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

७

दहा दिवस घर गप्प होतं. अकराव्या दिवशी दुकानात फोन आला. दादा.

"किती पाणी पितं गं हे झाड."

"हो. सांगितलं होतं ना."

"हो, हो." मग तो थांबला. "एक विचारू? वेड्यासारखं वाटेल. आई गिळताना कसा आवाज यायचा, आठवतो तुला? मधे थांबायची बघ."

मी काउंटरला धरून उभी होते. समोर एक बाई मशीनच्या बॅटऱ्या मोजून घेत होत्या.

"आठवतो," मी म्हटलं.

"मला ऐकू येतो," दादा म्हणाला. आवाजात भीती नव्हती, उलट लाजल्यासारखा आनंद होता. "वाईट नाही वाटत मला. उलट बरं वाटतं. जे तेव्हा केलं नाही ते आता... असो. तू कामात असशील."

त्यानंतर चार दिवसांनी वहिनीचा फोन. वहिनी शाळेत गणित शिकवते, एकाचे दोन करून कधी सांगत नाही.

"हे कामावर जात नाहीयेत," ती म्हणाली. "दिवसभर त्या खोलीत असतात. पाणी घट्ट करून चमच्यानं घालतात मातीत. मी विचारलं तर म्हणतात, पातळ दिलं तर खोकते. मला काहीच ऐकू येत नाही. पण त्यांनी सांगितलं म्हणून मी पावडरचा तिसरा डबा आणून दिला आहे. आता माझी मलाच काळजी वाटायला लागली. तुमचं ऐकतात ते. याल का?"

इतके दिवस मी स्वतःला बजावत होते की सांगून काय होणार, गेलेलं माणूस परत येत नाही. त्या दिवशी दोन बस बदलून जाताना पहिल्यांदा वाटलं की सांगितलं नाही तर राहिलेलंही जाईल.

८

वहिनीनं दार उघडलं. दुपारचे बारा वाजले होते. तिनं बोटानं आतली खोली दाखवली आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभी राहिली.

खोली लहान, स्वच्छ. भिंतीला टेकून एक कपाट, खिडकीला पातळ पडदा, त्यातून येणारा पांढरा उजेड. कुंडी एका टेबलावर होती आणि समोर दादा खुर्चीत बसला होता. मांडीवर वाटी, हातात चमचा. दाढी वाढलेली. झाडाची पानं इतकी चकचकीत होती की ती रोज पुसली जात असणार. मला ते पाहवेना.

"आलीस?" तो म्हणाला. "बघ ना. पोट भरतच नाही तिचं. किती दिलं तरी पुढं मागते."

"दादा, चमचा खाली ठेव. मला बोलायचंय."

त्यानं ठेवला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बाई जिन्यात भेटल्या इथपासून. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही. मी तांब्याच्या आवाजापर्यंत आले तेव्हा त्यानं डोळे मिटले. फरशी पुसल्याचं सांगितलं तेव्हा उघडले.

"किती वेळ हाक मारत होती?" त्यानं विचारलं.

"वीस मिनिटं. पंचवीस असतील."

"आणि तू काय करत होतीस म्हणालीस?"

"पानं पुसत होते."

तो उठला. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर मी त्याची ऋणी झाले असते. पण त्यानं वाटी बाजूला ठेवली, खिडकीतला पाण्याचा पेला उचलला आणि माझ्या हातात दिला. साधं पाणी होतं.

"दे तिला," तो म्हणाला, आणि पाठ फिरवून खिडकीशी उभा राहिला.

मी टेबलाजवळ गेले. पानं दाट होती, माती दिसत नव्हती. डाव्या हातानं मी ती बाजूला केली, ती हाताला थंड आणि जड लागली, आणि उजव्या हातानं पेला कलता केला.

पाण्याची धार मातीपर्यंत पोचली नाही.

मी पाहत होते. मातीच्या चार बोटं वर, देठांच्या मधोमध, जिथं उजेड जात नव्हता, तिथंच ती संपत होती. तिथं काहीतरी फिकं होतं. ओलं, आणि एका बाजूला खाली ओघळलेलं. ते मिटलं, आणि पुन्हा उघडलं. मी नजर काढून घेतली. पण पेला सरळ केला नाही. मी शेवटच्या थेंबापर्यंत तो तसाच धरून ठेवला, कारण तेवढं तरी मला करायचं होतं.

गिळण्याचा आवाज आला. एकच, सलग, मोकळा. मधे थांबणं नाही. खोकला नाही.

आणि मग आवाज. हळू, पण स्वच्छ. चार वर्षांपूर्वीचा, झटक्याच्या आधीचा. मी शाळेतून यायचे, दुकानातून यायचे, तेव्हा स्वयंपाकघरातून यायचा तो.

"दमली असशील गं. बस जरा."

मी शिव्यांची तयारी करून आले होते. रात्रंदिवस कानात घुमणारी एखादी हाक, एखादा शाप, काहीही सोसायला मी तयार होते. हे नाही. हात कोपरापर्यंत गार पडला. तोंडावर रक्त चढलं, कान तापले. लहानपणी चोरी पकडली गेल्यावर तापायचे तसे. मी पानं सोडून दिली आणि ती आपसूक मिटून आली.

दादा वळला होता. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला होता.

"बोलली," तो म्हणाला. "आत्ता बोलली ना? मला शब्द कळले नाहीत. काय म्हणाली?"

सोळा वर्षं मी हेच काम करते आहे. ज्यांना ऐकू आलं नाही त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, तोच शब्द परत म्हणायचा. मला फक्त तेवढंच करायचं होतं. पण ज्याचं माणूस मी घेतलं त्याच्यासमोर उभं राहून, तुझी आई मला बस म्हणाली, हे माझ्या घशातून वर येईना.

"काय म्हणाली?" त्यानं पुन्हा विचारलं.

"पाणी," मी म्हटलं. "पाणी हवंय म्हणाली."

त्यानं माझ्या हातातला पेला घेतला आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेला. नळ सुटल्याचा आवाज आला, पेला भरून वाहत असावा, तरी नळ चालूच होता. खोलीत एकच खुर्ची होती, दादानं रिकामी केलेली. मी उभीच राहिले.